पाऊस न लागलेल्या भिंती

रमाकांत चोरग्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. नऊ एप्रिलला दुपारी अडीच वाजतासुद्धा त्यांनी तो लिहिला नाही. त्यांनी फक्त खऱ्या आकड्यापुढे 'श' हे अक्षर टाकलं.

'श' म्हणजे शंकास्पद. हवा मोजणाऱ्यांच्या जगात हे अक्षर फार सोयीचं असतं. यंत्राच्या नळीत कोळी शिरला, वीज डळमळली, कुणी शेजारी शेकोटी पेटवली, की त्या तासाच्या आकड्यापुढे 'श' टाकायचा. आकडा तक्त्यात राहतो, पण महिन्याच्या सरासरीत धरला जात नाही. पंगतीला बोलावून पान न वाढलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते.

त्या दुपारचा आकडा ओझोनचा होता. हवेच्या दर शंभर कोटी रेणूंमागे एकशे अठरा. त्या गावात एप्रिल महिन्यात पंचावन्न-साठच्या वर काटा जात नसे. चोरग्यांची नळी धुऊन झाली होती, गाळणी बदलून झाली होती. ओझोन नसलेली हवा सोडली की यंत्र शून्य दाखवत होतं आणि मोजून मापून ओझोन सोडला की तेवढाच दाखवत होतं. यंत्राला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते चोरग्यांना, आणि त्याचं कारण दोन हजार किलोमीटरवर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बसलेलं होतं. ती त्यांची मुलगी होती.

गावाचं नाव सुमथांग. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. लडाखमध्ये अकरा हजार आठशे फुटांवर, चारी बाजूंनी डोंगर आणि मधे वाटीच्या बुडासारखी सपाट जागा, तिथे दोनशे दहा घरं. पूर्वी हिवाळ्याचे सहा महिने खिंड बंद असे आणि गाव आपलं चूल पेटवून निवांत बसे. आठ वर्षांपूर्वी बोगदा झाला आणि बाराही महिने ट्रकांची रांग लागली. थंडीत डिझेल गोठेल म्हणून ड्रायव्हर इंजिनं बंद करत नाहीत. चहा प्यायला तासभर थांबले तरी ती घरघरत राहतात. विरळ हवेत इंजिनालाही दम लागतो, इंधन अर्धवट जळतं. तीन-चार वर्षांत सुमथांगच्या वाटीवर तपकिरी झाकण बसलं. ते झाकण मोजायच्या केंद्रावर चोरगे आले आणि इथलेच झाले.

ते मूळचे जावळी खोऱ्यातल्या मेढ्याचे. बायको गेली तेव्हा ऋजुता अकरावीत होती. तेव्हापासून बापाने मुलीची वेणी सोडून सगळं केलं. ती रसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि तिने एक रंग शोधून काढला. त्याचं नाव तिने 'धवल' ठेवलं.

धवलमधली युक्ती समजायला सोपी होती. धुराड्यांतून नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो, तपकिरी झाकणाचा रंग त्याचाच. धवलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची अतिबारीक पूड होती. तिच्यावर ऊन पडलं की ती भिंतीला चिकटलेल्या या वायूचं नायट्रेट करून टाकी. नायट्रेट म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते भिंतीवर बसून राहतं, हवेत फिरत नाही. पुण्यात तीन वर्षं चाचण्या झाल्या होत्या. रंगवलेल्या गल्लीत तो वायू चाळीस टक्क्यांनी कमी भरला. दिसायला नुसती पांढरी भिंत, पण ती दिवसभर हवा झाडत असे.

पुढची चाचणी कुठे घ्यायची असा प्रश्न आला तेव्हा ऋजुताने सुमथांग सुचवलं. तिथे ऊन भरपूर होतं आणि चार वर्षांचे आधीचे आकडे तयार होते, तेही चोरग्यांच्या हातचे. कुणी म्हणेल, बाप मोजणार आणि लेक तपासणार, हे बरं नव्हे. पण खात्यात चोरग्यांची ख्याती अशी होती की ते आपल्या स्वयंपाकघरातल्या धुराचीही नोंद करतील. कुणी काही म्हणालं नाही.

सुमथांगमध्ये घरं रंगवायची एक रीत आहे. कापणी झाली की गोम्पातले, म्हणजे मठातले, लामा दिवस काढून देतात आणि त्या एकाच दिवशी सगळं गाव आपापली घरं पांढरी करतं. मागच्या डोंगरातली पांढरी माती पाण्यात कालवायची आणि गच्चीच्या कठड्यावरून तांब्या-तांब्याने भिंतीवर ओतायची. ब्रश कुणी वापरत नाही. मागच्या वर्षी त्या दिवशी मातीऐवजी धवल ओतला गेला, आणि पहिला तांब्या ओतला चोरग्यांच्या घरमालकिणीने, यांगडोलने. ऋजुता तिच्याकडे महिनाभर राहिली होती, तिच्या हातचं खाल्लं होतं, तिला आमा, म्हणजे आई, म्हणत होती. यांगडोलने गावच्या प्रमुखाला, त्याच्या बायकोला आणि शाळेच्या हेडमास्तरांना एकेकट्याला गाठून राजी केलं. फक्त टेकडीवरचे स्तूप जुन्या मातीनेच सारवले गेले. लामा म्हणाले, देवाच्या भिंतीवर नवीन काही घालायची घाई नको, पुढच्या वर्षी बघू.

हिवाळ्यात तपकिरी झाकण खरोखर विरळ झालं. नायट्रोजन डायऑक्साइड एक तृतीयांशाने उतरला. ऋजुताचा फोटो पेपरात आला. चोरग्यांनी तो कापून केंद्राच्या दारावर डकवला आणि चहाला थांबणाऱ्या पंजाबी ड्रायव्हरांनाही बोट दाखवून दाखवला. बर्फाळ प्रदेशातल्या आणखी बारा गावांनी धवल मागितला. मेअखेरीस एक बैठक होणार होती, तिथे एप्रिलपर्यंतचे आकडे ठेवले की धवलवर मंजुरीचा शिक्का बसणार होता.

आणि एप्रिलमध्ये दुपारचा ओझोन असा चढला.

चोरग्यांना पाठ असलेला नियम सांगत होता की हे घडणं शक्य नाही. ओझोन तयार व्हायला तोच तपकिरी वायू लागतो. वायू कमी झाला तर ओझोन वाढेल कसा? आणि वाढला असेल तर एवढं नक्की की यंत्र चुकतंय. यंत्र चुकत नसेल तर ऋजू चुकत्येय. या शक्यतेपाशी आले की चोरगे उठून चहा टाकत. दहा एप्रिलला एकशे बारा, 'श'. अकराला एकशे एकवीस, 'श'. पहिल्या काही दिवसांत हात थांबत असे, नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि आपल्या माणसासाठी केलेल्या गोष्टीची तर फारच लवकर.

एप्रिलचा तक्ता गेला त्या संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. ती खुशीत होती. सगळं छान दिसतंय म्हणाली, बैठकीनंतर पंधरा दिवस रजा काढून येते म्हणाली. जाता जाता तिने विचारलं, दुपारचे बरेच आकडे 'श' दिसतात, काय झालं? चोरगे म्हणाले, यंत्र म्हातारं झालंय गं, माझ्यासारखं. ती हसली. तिने पुढे काही विचारलं नाही. बापाच्या 'श'वर तिचा सव्वीस वर्षांचा विश्वास होता.

यांगडोलची मुलगी देस्किट तेव्हा अठरा वर्षांची होती. ती धावत असे. छोटी शर्यत नव्हे, लांबची, दहा-दहा किलोमीटरची. जूनमध्ये लेहला निवड चाचणी होती. तिथून निवडलेल्या चौघींना खाली पतियाळ्याला शिबिराला नेणार होते. गावातली एकही मुलगी तोवर तिथवर पोचलेली नव्हती. देस्किट आधी सकाळी सातला पळत असे. मार्च महिन्यात ती चोरग्यांकडे आली आणि म्हणाली, "काका-ले, सकाळी ट्रकांचा धूर नाकात जातो. तुमच्या यंत्राला विचारून सांगा, हवा कधी चांगली असते."

तिला काका हा शब्द चोरग्यांनीच शिकवला होता आणि त्याला आदराचा 'ले' तिने आपला लावला होता. चोरग्यांनी तक्ता काढला. नायट्रोजन डायऑक्साइड सकाळी आठला सर्वांत जास्त आणि दुपारी दोन ते चारला सर्वांत कमी. त्यांनी तिच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलं : दोन ते चार. त्या दिवसापासून देस्किट दुपारी दोनला नदीकाठच्या रस्त्याने पळू लागली.

एप्रिलअखेर तिला खोकला लागला. यांगडोल म्हणाली, धूळ आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटरला तिला पूर्वीपेक्षा तीन मिनिटं जास्त लागली. यांगडोल म्हणाली, मन लागत नाही पोरीचं. तेरा तारखेला चोरगे केंद्राच्या ओट्यावर बसले होते तेव्हा देस्किट रस्त्यावरून आली, कठड्याला धरून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"मोठा श्वास घ्यायला गेले की खोकला येतो आणि तो अर्ध्यातच तुटतो," ती म्हणाली. "छातीत आतून सोलल्यासारखं होतं. काका-ले, इथे जन्मलेल्या माणसाला इथली हवा कशी पुरेना?"

चोरग्यांनी तिला आत बसवलं, कोमट पाणी दिलं. भिंतीवरच्या पडद्यावर ओझोनचा आकडा सरकत होता. एकशे सव्वीस. वेळ दोन वाजून पन्नास मिनिटं. ओझोन आकाशात उंच असला तर उन्हातले घातक किरण अडवतो, म्हणून त्याचं सगळ्यांना कौतुक. पण तोच जमिनीलगत आला की श्वासनळीचं आतलं अस्तर पोळतो. बसलेल्या माणसाला कमी, पळणाऱ्याला जास्त, कारण पळणारा दहापट हवा आत ओढतो. हे चोरग्यांनी शाळेत जाऊन मुलांना स्वतः सांगितलेलं होतं. आणि दोन ते चार हे तीन शब्दही त्यांच्याच अक्षरातले होते.

त्यांनी देस्किटला सांगितलं की आता दुपारी पळू नकोस. तिने कारण विचारलं. ते म्हणाले, मी बघतो, मग सांगतो. त्या 'बघतो'ला सहा दिवस लागले. चोरगे वाईट माणूस नव्हते, मला विचाराल तर ते चांगलेच होते. पण एका बाजूला दुसऱ्याची मुलगी खोकत होती आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या मुलीच्या दहा वर्षांच्या कष्टांवर आपल्या हाताने पाणी ओतायचं होतं. अशा वेळी चांगल्या माणसाचेही पाय जड होतात. त्या सहाही दिवशी दुपारच्या आकड्यापुढे 'श' पडतच राहिला.

एकोणीस मेला त्यांनी यांगडोलकडून भाजीच्या शेडवरचं जुनं प्लास्टिक मागून घेतलं. तिच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला त्याचा मोठा फुगा चिकटवला, कडा मातीने लिंपल्या, आणि एक नळी आत सोडून नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राला जोडली. या यंत्राची एक खोड हवा मोजणाऱ्यांना ठाऊक असते. नायट्रस आम्ल नावाचा दुसरा एक वायू आला तरी ते त्याला नायट्रोजन डायऑक्साइडच समजून मोजतं. फुग्यातली हवा स्वच्छ करून घेतली होती, तरी ऊन पडल्यावर वीस मिनिटांत आकडा चढू लागला. त्यांनी वरून घोंगडी टाकली. आकडा थांबला. घोंगडी काढली, पुन्हा चढू लागला. मग तेच प्लास्टिक आणि यंत्र घेऊन ते धापा टाकत टेकडीवर गेले आणि स्तुपाच्या ओट्याला, जुन्या मातीला, तसंच चिकटवलं. ऊन तेच होतं. आकडा हलला नाही.

यांगडोल खालून पाहत होती. ते उतरून आल्यावर तिने विचारलं की भिंतीत काय आहे. चोरगे म्हणाले, "गेल्या सहा-सात महिन्यांचा ट्रकांचा धूर आहे. भिंतीने गिळला होता, आता उन्हात ती तो परत सोडत्येय."

ओल्या फडक्याने त्यांनी भिंत पुसली आणि फडकं पिळून त्या पाण्यात नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली. पट्टी गडद किरमिजी झाली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तिथेच पायरीवर बसले. मेढ्यात जून ते सप्टेंबर भिंती निथळत असतात. पुण्यातही वर्षातून चार महिने पाणी भिंती धुऊन काढतं. धवलवर साठलेलं मीठ दर पावसाळ्यात आपोआप वाहून जाई, म्हणून चाचणीत ते कुणाला दिसलंच नाही. ऋजूने गणितात भिंत धुतली जाणं धरलंही नव्हतं आणि वगळलंही नव्हतं. तिला तो प्रश्नच पडला नव्हता, कारण न धुतली गेलेली भिंत तिने जन्मात पाहिली नव्हती. त्यांनीही नव्हती, इथे येईपर्यंत. सुमथांगला वर्षाकाठी चार इंच पाऊस पडतो, तोही शिंतोडे उडवल्यासारखा. चोरगे हे रोज मोजत होते.

त्यांनी केंद्रात जाऊन सगळे 'श' काढले, तक्ता पाठवला आणि ऋजुताला फोन लावला. प्रयोग सांगितला. फडकं सांगितलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही, तीच बोलू लागली, हळू आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखी. इतक्या उंचीवर वरची हवा विरळ, त्यामुळे अतिनील किरण पुण्याच्या दीडपट. डोंगरावरच्या बर्फावरून परतून येतात ते वेगळेच. ते किरण नायट्रेट फोडतात, पुडीच्या मदतीने नायट्रस आम्ल सुटतं. ते उन्हात दहा-पंधरा मिनिटंच टिकतं आणि फुटताना हायड्रॉक्सिल सोडतं. हायड्रॉक्सिल म्हणजे हवेतली काडेपेटी. ते अर्धवट जळलेल्या डिझेलच्या वाफेला पेटवतं आणि त्यातून ओझोन होतो. "म्हणजे वायू कमी होता, ते खरंच होतं," ती म्हणाली. "पण आग लावणारं आपण भिंतीवर फासलं. दोनशे दहा घरांना."

मग तिने विचारलं, "बाबा, यंत्र तपासलंत?"

"तपासलं. ठीक आहे."

"कधी तपासलंत?"

"एप्रिलमध्ये," ते म्हणाले.

फोन तुटला असं त्यांना वाटलं. मग ती म्हणाली, "मी येते," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी ती बोगद्यातून येणाऱ्या जीपने उतरली. बापाला वाकून नमस्कार केला, कारण ती सवय होती, पण डोळ्यांत पाहिलं नाही. सामान ओट्यावर टाकून ती आधी यांगडोलकडे गेली. देस्किट चुलीपाशी बसली होती. इस्पितळातल्या डॉक्टरने श्वासनळीला सूज आहे, तीन महिने पळायचं नाही असं सांगितलं होतं. म्हणजे जूनची चाचणी गेली होती. ऋजुता तिच्यासमोर बसली आणि हिंदीत सरळ म्हणाली, माझ्या रंगाने झालं. देस्किट म्हणाली, मला कळलंय, आणि चुलीत शेण्या सारत राहिली. तिला अठराव्या वर्षी मोठेपणा दाखवणं जमलं नाही आणि का जमावं? ती रागावलेली होती आणि तो राग तिच्या हक्काचा होता.

संध्याकाळी गावाची बैठक झाली. ऋजुताने उभं राहून सगळं सांगितलं, बारा गावांना तिने त्याच दिवशी रंग थांबवायला कळवलं होतं तेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, आता काय करायचं? धुवायला पाणी कुठलं, ओढ्यांना अजून पुरतं पाणी उतरायचं होतं. तेव्हा यांगडोल उठली. पहिला तांब्या तिने ओतला होता, हे बैठकीतल्या प्रत्येकाला आठवत होतं आणि तिलाही. ती म्हणाली, "डोंगरातली माती आहे ना. वरून तीच ओता, जाड. ऊन आत पोचलंच नाही तर भिंत धूर सोडेल कशी?" मग ती ऋजुताकडे वळली. "तू हुशार आहेस. पण महिनाभर माझ्या घरी राहिलीस, तेव्हा इथे पाऊस किती पडतो हे एकदा विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं."

ऋजुता म्हणाली, "विचारायला हवं होतं, आमा-ले."

लामांनी दिवस काढायला वेळ लावला नाही, उद्याचाच काढला. वर्षातला सणाचा दिवस नव्हता, गाणी नव्हती, छांगचे पेले नव्हते. चार दिवस लोक डोंगरातून माती आणत होते आणि कठड्यांवरून ओतत होते. ऋजुता यांगडोलच्या गच्चीवर उभी राहून ओतत होती. विरळ हवेत तिला धाप लागे, मग ती बसे, मग उठे. चोरगे खालून माती कालवून देत. बापलेक एकमेकांशी 'आण' आणि 'घे' एवढंच बोलत. पाचव्या दिवशी दुपारी ओझोन एक्क्याण्णववर आला, दहाव्या दिवशी बहात्तरवर.

अकराव्या दिवशी सकाळी ऋजुता केंद्रात लॅपटॉप घेऊन बसली. मंजुरीची बैठक पुढे ढकलली गेली होती, पण त्या बारा गावांशिवायही जगात उंचावरची गावं होती आणि असले रंग करणारे इतरही लोक होते. काय घडलं ते लिहून प्रसिद्ध करणं भाग होतं. चोरगे पलीकडे फिल्टर बदलत होते. तिने त्यांना हाक मारली आणि जीपमधून उतरल्यापासून पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मला वाचवत होतात ना?" ती म्हणाली.

"हो."

"मला कळवलं असतंत तर एप्रिलमध्येच माती ओतली गेली असती. देस्किट परवा लेहला पळत असती." तिने लॅपटॉप बाजूला सारला. "मला माझ्या चुकीचं तितकं वाईट नाही वाटलं, बाबा. चूक कुणाचीही होते. पण मला खरं सोसणार नाही असं तुम्हाला वाटलं. तुम्हीच वाढवलंत मला."

चोरग्यांच्या हातातला फिल्टर तसाच राहिला. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते आवरलं नाही. "तुझी आई गेल्यापासून," ते म्हणाले, "तुझ्यापर्यंत काही येऊ द्यायचं नाही एवढंच मला येत होतं. ते कधी थांबवायचं ते कळलं नाही."

ती उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग परत बसली, कारण सांगायचं अजून राहिलं होतं. हे दुपारचे आकडे तिला लागणार होते. त्यांच्याशिवाय काहीच सिद्ध होत नव्हतं. हिवाळाभर मीठ कसं साठलं आणि ऊन चढलं तसा ओझोन दिवसागणिक कसा चढला, ते याच तक्त्यात दिसत होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. पण त्यांच्यापुढे 'श' पडला होता आणि नंतर काढला गेला होता. का, ते लिहावं लागणार. यंत्र बिघडलं होतं असं लिहिलं तर आकडे फुकट जाणार. यंत्र ठीक होतं असं लिहिलं तर चौकशी होणार, आणि चोरग्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"मधला काही मार्ग निघतो का बघते," ती म्हणाली. "'तांत्रिक कारणाने' असं लिहिता येईल."

"ऋजू," चोरगे म्हणाले, "तू आता माझ्यासाठी 'श' टाकू नकोस."

तिने मान खाली घातली आणि लिहायला लागली. बराच वेळ कळांचा आवाज येत होता. मग तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. चोरग्यांनी चष्मा पुसून घातला आणि दुसऱ्या कुणाचा तक्ता तपासावा तसं ओळीवर बोट ठेवून वाचलं.

*नऊ एप्रिल ते एकोणीस मे या एक्केचाळीस दिवसांतील दुपारचे ओझोनचे आकडे, यंत्रात कोणताही दोष नसताना, निरीक्षकांनी शंकास्पद ठरवले. निरीक्षक रमाकांत चोरगे हे प्रस्तुत लेखिकेचे वडील होत.*

त्यांनी ते दोनदा वाचलं. ऋजुता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"एक्केचाळीस नाही," ते म्हणाले. "त्रेचाळीस."

तिला कळेना. तिने 'श' काढण्याआधीचा तक्ता उघडला, ते मोजले. एक्केचाळीसच भरले.

"सात आणि आठ एप्रिल बघ. तिथे 'श' नाही. 'देखभालीसाठी यंत्र बंद' असं लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. ही गोष्ट मीही आतापर्यंत तुम्हाला सांगितली नव्हती, कारण चोरग्यांनी ती स्वतःलाही सांगितलेली नव्हती. "यंत्र बंद नव्हतं. त्याच्या स्मृतीत दोन्ही दिवसांचे आकडे आहेत, एकशे चार आणि एकशे नऊ. मी पाहिले आणि बंद लिहिलं. आकडा खोटा लिहायचा नाही म्हणून आकडाच लिहिला नाही. नऊ तारखेला लाज वाटली, तेव्हा 'श' टाकला."

ऋजुताने सात एप्रिलची ओळ उघडली. तिथे त्यांची सही होती, नेहमीसारखी ठसठशीत. तिने एक्केचाळीस खोडून त्रेचाळीस लिहिलं, नऊ खोडून सात लिहिलं, आणि हात मागे घेतला.

"'शंकास्पद ठरवले' हेही खोड," चोरगे म्हणाले. "'लपवले' लिही."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने तो शब्द लिहिला.